पाहुणा की गिऱ्हाईक?

केंदूरच्या आमच्या घराला एक ओटा आहे. ओटा म्हणजे काही फार मोठी वास्तू नव्हे. चार घडीव दगड, त्यांवर फरशी, वर पत्र्याचा उतार आणि त्याला आधार देणारे दोन सागवानी खांब. परंतु घर गावाच्या कडेला, वेळ नदीच्या अंगाला असल्यामुळे ओट्यावर बसले की समोर पात्र दिसते. पावसाने मनावर घेतले असेल, थिटेवाडीचा बंधारा भरला असेल, तर दिवाळीच्या दिवसांत त्या पाण्यावर सकाळचे धुके तरंगत असते आणि पलीकडच्या बाभळी उलट्या होऊन पाण्यात उभ्या राहिलेल्या दिसतात. पावसाने पाठ फिरवली तर त्याच जागी दगड आणि वाळू. आमच्याकडे पाणी हाच मुळी पाहुणा. आला तर आनंद, न आला तर कोणावर रागवायचे?

या ओट्यावर माझ्या आजोबांच्या वेळेपासून वाटसरू उतरत आले. कोपऱ्यात रांजण, खुंटीला दोन घोंगड्या, आणि रात्री उशिरा कोणी हाक मारली तर चुलीच्या उबेला ठेवलेली भाकरी. मेंढरे घेऊन चाललेले धनगर, भांड्यांना कल्हई लावणारे, पहाटेचा वासुदेव, आणि कार्तिकात आळंदीला निघालेली दिंडीतली माणसे असे नाना प्रकारचे लोक तेथे निजून गेले. ज्ञानदेवांचे समकालीन म्हणून ज्यांची परंपरा सांगितली जाते ते संत कान्होराज पाठक आमच्याच गावचे. तेव्हा वारकऱ्याला ओटा नाकारणे ही गोष्ट आमच्या घरात कोणाच्या कल्पनेतही आली नसती. वडील रात्री पाहुण्याला नाव विचारीत नसत. ‘‘सकाळी विचारू, आत्ता तो दमलाय,’’ असे म्हणत.

वडील गेले. भाऊ कामानिमित्त चाकणला स्थायिक झाला. मी शाळेच्या सोयीसाठी गावातल्याच दुसऱ्या घरात राहू लागलो; जुन्या घरात राहिली ती आई, तिची तुळस आणि कुलूप लावलेल्या चार खोल्या. या दिवाळीत पुतण्या आला तो डोक्यात एक योजना घेऊनच. लक्ष्मीपूजन आटोपले, फराळाची ताटे पुढे आली आणि त्याने हळूच विषय काढला.

‘‘काका, या खोल्या दुरुस्त करू. शनिवार-रविवारी पुण्याची माणसं राहायला येतील. समोर पाणी आहे, पिठलं-भाकरी आहे, पाबळला मस्तानीची समाधी आहे. दोन हजार वीस साली सरकारनं कृषी पर्यटनाचं धोरणसुद्धा आणलंय. घर असंच ठेवलं तर आणखी चार पावसाळ्यांत पडेल.’’

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मागच्या पडवीची एक तुळई वाळवीने खाल्लेली आहे हे मला ठाऊक होते. पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावे बाजीरावांनी मस्तानीला दिली होती, एवढा इतिहास तर आमच्या शाळेतली पोरेही सांगतात. मी आईकडे पाहिले. तिने हातातली करंजी ताटात ठेवली आणि एवढेच म्हणाली, ‘‘घरी आलेल्याकडून पैसे घ्यायचे?’’

त्यानंतर कोणी बोलले नाही. बाहेर पोरे फटाके उडवीत होती.

तो प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात घोळतो आहे. मी कादंबऱ्या लिहिणारा आणि पोरांना शिकविणारा एक साधा मॅट्रिक झालेला मास्तर. तत्त्वज्ञानाची मोठी पुस्तके मी वाचलेली नाहीत. पण काही प्रश्न असे असतात की ते पुस्तकातून येत नाहीत, फराळाच्या ताटाशी येऊन बसतात आणि उत्तर घेतल्याशिवाय उठत नाहीत. घरी आलेल्याकडून पैसे घ्यावेत का? घेतले तर तो पाहुणा राहतो का? आणि तो पाहुणा राहिला नाही, तर घर तरी घर राहते का?

या प्रश्नाने मला दोन वर्षांपूर्वीच्या महेश्वरची आठवण झाली. गावातली मंडळी यात्रेची गाडी करून ओंकारेश्वर आणि महेश्वरला निघाली होती. आईला घेऊन मीही गेलो. नर्मदेच्या काठी किल्ला, किल्ल्यापासून खाली पाण्यापर्यंत उतरत गेलेल्या दगडी पायऱ्या, आणि वर अहिल्याबाई होळकरांचा वाडा. अहिल्याबाई आपल्याच मुलखातल्या. जन्म १७२५ चा, जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. सासरचे आडनाव आले ते आमच्याच पुणे जिल्ह्यातल्या नीरेकाठच्या होळ गावावरून. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात नवरा गेला, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले, १७६७ मध्ये मुलगा मालेराव गेला. आणि या साऱ्यांच्या मागे उरलेल्या या बाईने महेश्वर राजधानी करून १७९५ पर्यंत राज्य चालविले.

राजधानीचा वाडा म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे येते ते तेथे काही नाही. संगमरवर नाही, झुंबरे नाहीत. लाकडी खांबांचा, चौकाचा, कौलारू असा तो मराठी वाडा आपल्याकडच्या एखाद्या सुखवस्तू इनामदाराचा शोभावा. जेथे त्या बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकत, ती गादी आजही पाहायला मिळते; पांढरी, साधी. याच वाड्यात लिंगार्चनाची पूजा चालत आलेली आहे. मातीची लहान लहान शिवलिंगे करायची, त्यांची पूजा करायची आणि मग ती नर्मदेत सोडून द्यायची.

वाड्याचा दुसरा भाग मात्र आता पाहुण्यांसाठी आहे. १८१८ नंतर होळकरांची राजधानी इंदूरला गेली आणि महेश्वर मागे पडले. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखेही बंद झाले. मोठमोठे वाडे राहिले, त्यांची छपरे गळत राहिली, आणि ती शाकारायला लागणारा पैसा मात्र आटला. देशभर अनेक राजवाड्यांची हॉटेले झाली त्याचे एक मोठे कारण हे आहे. इंदूरचे शेवटचे सत्ताधीश महाराज यशवंतराव होळकर यांचे पुत्र रिचर्ड होळकर यांनी २००० साली महेश्वरच्या आपल्या या घरात पैसे देऊन राहणारे पाहुणे घ्यायला सुरुवात केली. एका रात्रीचे भाडे ऐकून मी माझ्या पगाराशी मनातल्या मनात त्रैराशिक मांडले आणि ते अर्ध्यावरच सोडून दिले.

आई घाटाच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसली होती. तिने वर पाहून विचारले, ‘‘अहिल्यामाईच्या घरात आता कोण राहतं रे?’’

‘‘पाहुणे राहतात.’’

‘‘कुणाचे पाहुणे?’’

‘‘कुणाचेच नाहीत. पैसे देऊन राहतात.’’

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग आम्ही वर गेलो. गादीपुढे तिने डोके टेकले, बाहेर येऊन पदराने कपाळ पुसले आणि म्हणाली, ‘‘एवढं तरी उघडं ठेवलंय ते बरं केलं.’’

त्या वेळी मला त्या वाक्यात विशेष काही वाटले नाही. पण परवा करंजी ताटात ठेवणारी आई आणि त्या दिवशी गादीपुढे वाकलेली आई या दोघींचे म्हणणे एकच होते, हे आता ध्यानात येते.

वाचकांच्या मनात येईल की यात प्रश्न तो काय? अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत धर्मशाळा, घाट, विहिरी आणि अन्नछत्रे उभारली. १७८० मध्ये काशीविश्वेश्वराचे देऊळ बांधले, १७८३ मध्ये सोमनाथाचे, १७८७ मध्ये गयेला विष्णुपदाचे. परमुलखातल्या अनोळखी वाटसरूला जिने फुकट छप्पर दिले, तिच्याच घरात आज भाड्याशिवाय रात्र काढता येत नाही. याहून मोठा विपर्यास तो कोणता? मलाही प्रथम असेच वाटले होते. परंतु एखादी गोष्ट पहिल्या झटक्यात पटली की तिच्याभोवती आणखी एक चक्कर मारावी, अशी मला मास्तरकीने लावलेली सवय आहे.

पहिली गोष्ट ही की फुकट असे जगात काही नसते. पैसे कोणी दुसरा भरत असतो, इतकेच. अहिल्याबाईंच्या दानधर्माचा मोठा भाग त्यांच्या खासगी उत्पन्नातून झाला. ते उत्पन्न म्हणजे शेवटी गावोगावच्या शेतकऱ्याने भरलेला वसूल. काशीच्या धर्मशाळेत निजणाऱ्या वाटसरूचे भाडे माळव्यातल्या कुणब्याने आधीच चुकते केलेले होते. आमच्या ओट्यावरच्या भाकरीचेही तसेच. ती आजोबांच्या औदार्याची होती हे खरे. पण ती भाजली आजीने, पहाटे चार वाजता जात्यावर बसून. पाहुणा आजोबांना दुवा देऊन जाई. आजीला कोणी दुवा दिल्याचे मला कोणी सांगितले नाही.

दुसरी गोष्ट अशी की जे फुकट असते त्याची निगा राखणाराही कोणी लागतो. होळकरांच्या या धर्मादाय मिळकतींसाठी १९६२ मध्ये खासगी न्यास झाला. पुढे त्यांतल्या काही मिळकतींच्या विक्रीवरून वाद उभा राहिला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि न्यास सार्वजनिक न्यासांच्या कायद्याखाली नोंदवावा असे न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. खरे-खोटे ठरविणे हे न्यायालयाचे काम आहे, माझे नव्हे. पण दान करणाराचा हात गेल्यानंतर दानाचे काय होते, हा विचार त्यावरून मनात आल्यावाचून राहत नाही. ज्या घराने भाडे घेतले त्याची कौले आज शाबूत आहेत. महेश्वरच्या त्याच किल्ल्यात रेहवा नावाची संस्था आहे. होळकर पतिपत्नींनी ती १९७८-७९ च्या सुमारास विणकरांसाठी काढली, आणि महेश्वरी लुगड्यांचे माग तेथे पुन्हा खडखडू लागले. ती लुगडी विकत घेणाऱ्यांत वाड्यावर उतरलेली मंडळीही असतात. सावंतवाडीला मोती तलावासमोरच्या राजवाड्याच्या काही भागातही आता असेच पाहुणे उतरतात, आणि गंजिफाची गोल पाने रंगविणारे कारागीर त्याच राजवाड्यात बसलेले दिसतात. तेव्हा घराने पैसा घेतला की घर बाटले, असे सरसकट म्हणता येत नाही.

तिसरी गोष्ट सांगायला मला जड जाते, कारण ती आमच्याच ओट्याची आहे.

परवा पुतण्याचे बोलणे झाल्यावर आई रात्री बराच वेळ जागी होती. मी तिच्याजवळ बसलो. ती म्हणाली, ‘‘तुझे वडील कुणाला नाव विचारायचे नाहीत, असं तू सगळ्यांना सांगतोस. खरंच आहे ते. पण जात विचारावी लागायची नाही, ती कळायची. बहात्तरचा दुष्काळ होता. मी नवीन नवरी. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला बाया यायच्या. एक बाई दुपारी पाणी मागायला आली, कडेवर मूल होतं. ती ओट्याखालीच उभी राहिली. कुणी तिला सांगितलं नव्हतं. तिला ठाऊकच होतं. मी वरून पाणी ओतलं, तिनं ओंजळीनं प्यायलं. अर्धं पाणी मातीत गेलं. त्या साली पाणी म्हणजे काय होतं, तुला सांगून कळायचं नाही.’’

मी गप्प राहिलो. पुतण्या दारात उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, ‘‘आजी, त्या बाईला पैसे देऊन खोली घेता आली असती तर तिला ओट्याखाली उभं राहावं लागलं नसतं.’’

पोरगा उद्धटपणे बोलला नाही. त्याला जे वाटले ते तो बोलला. आणि मी त्याला उत्तर देऊ शकलो नाही. कारण त्याच्या बोलण्याला आपल्या सगळ्या इतिहासाचा आधार आहे. आपल्या धर्मशाळा फुकट होत्या, पण त्या सगळ्यांना उघड्या नव्हत्या. साक्षात पंढरपुरात, जेथे विठ्ठल सर्वांचा म्हणून आपण टाळ कुटतो तेथे, अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या यात्रेकरूंना निवारा मिळेना, म्हणून गाडगेमहाराजांना त्यांच्यासाठी चोखामेळ्याच्या नावाने वेगळी धर्मशाळा बांधावी लागली. ज्यांनी स्वतःला राहायला एक झोपडीही ठेवली नाही त्या माणसाने ती बांधली, आणि १९४९ मध्ये डॉक्टर आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली करून टाकली. ती धर्मशाळा उभी राहावी लागली हाच बाकीच्या साऱ्या धर्मशाळांवरचा ठपका आहे.

आणि फुकटच्या पाहुणचाराची दुसरी बाजू गरीब विद्यार्थ्यांना विचारावी. पुण्यात वार लावून जेवून शिकलेल्यांची एक मोठी पिढी होऊन गेली. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. अन्न मिळे, त्याचे उपकार ते जन्मभर मानीत. पण वाढणारीच्या कपाळावरची आठी आणि पानात पडलेला कालचा भातही त्यांतले कित्येक जन्मभर विसरले नाहीत. तोच मुलगा पुढे नोकरीला लागून खानावळीत चार पैसे टाकून जेवू लागला, तेव्हा आमटी पातळ आहे असे त्याला मोठ्याने म्हणता आले. पैशाने त्याला काय दिले? मान वर करून जेवण्याचा हक्क दिला. ज्याला दाम मोजता येतो त्याला मिंधे व्हावे लागत नाही. नाण्याला जात नसते, आणि खोलीचे भाडे भरणाऱ्याला ‘तू कोण’ असे विचारण्याचा अधिकार मालकाला राहत नाही. निदान राहू नये.

तर मग पुतण्याचेच खरे मानून विषय संपवावा काय? तेही मला जमत नाही. कारण १९७२ च्या त्या बाईजवळ पैसे नव्हते. ती खडी फोडायला आली होती. आमच्या घराचे तेव्हा हॉटेल असते, तर ती ओट्याखाली नव्हे, फाटकाबाहेर उभी राहिली असती, आणि तिला ओंजळभर पाणीही मिळाले नसते. आमच्या ओट्याने तिला जात पाहून खाली ठेवले. फाटकाने तिला खिसा पाहून बाहेर ठेवले असते. एका अन्यायाच्या जागी दुसरा आणून बसविला आणि त्याला सुधारणा म्हटले, असे व्हायला नको. शिवाय जातीच्या अन्यायाची निदान आज माझ्या आईला लाज वाटते, त्याने तिची झोप उडते. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला आत घेतले नाही म्हणून हॉटेलवाल्याची झोप उडाल्याचे मी ऐकलेले नाही.

काशीला गेलेल्यांनी पाहिले असेल, गंगेवर अहिल्याबाईंच्या नावाचा घाट आहे. त्याला लागूनच मुनशी घाट. नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुनशी यांनी १८१२ च्या सुमारास तेथे मोठा वाडा बांधला. १९१५ मध्ये तो दरभंग्याच्या महाराजांनी घेतला. आणि आता तेथे एक भारी हॉटेल आहे. वाड्याचे धनी बदलले, कामे बदलली. पण वाड्याच्या दारापासून पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्यांवर अजून कोणी भाडे लावलेले नाही. भाडे भरून वाड्यात उतरलेला परदेशी पाहुणा आणि गठुडे उशाला घेऊन निजलेली कोणी विधवा म्हातारी, दोघांनाही पहाटे तीच गंगा आणि तोच सूर्य. महेश्वरलाही असेच आहे. वरच्या खोलीत कोण राहील हे पैशाने ठरते. गादीपुढे कोण डोके टेकील आणि घाटावर कोण पाय सोडून बसेल हे पैशाने ठरत नाही. म्हणूनच ‘एवढं तरी उघडं ठेवलंय’ असे आई म्हणाली होती.

अतिथी या शब्दाची फोड आपण शाळेत करतो. ज्याला तिथी नाही, जो दिवस ठरवून येत नाही, तो अतिथी. मग दीड महिना आधी दिवस पक्का करून, अर्धे पैसे पाठवून येणारा माणूस अतिथी नव्हे, हे उघड आहे. तो गिऱ्हाईक आहे, आणि गिऱ्हाईक असण्यात कमीपणा काही नाही. त्याला स्वच्छ खोली द्यावी, ताजे अन्न द्यावे, मापात फसवू नये. आपले काम चोख करून दाम घेणाऱ्या कुंभाराने किंवा शिंप्याने लाजावे असे कोणी म्हणत नाही. मग चूल पेटवून, अंथरुणे घालून दाम घेणाऱ्या बाईनेच का लाजावे? उलट आजीच्या जात्याला आणि आईच्या चुलीला जे मोल कधी मिळाले नाही ते या निमित्ताने घरातल्या बायकांच्या हातात पडेल, तर मी म्हणेन की उशिरा का होईना, हिशेब चुकता झाला.

फसवणूक होते ती दुसरीकडेच. पैसे गिऱ्हाइकाचे घ्यायचे आणि नाव पाहुणचाराचे सांगायचे, ही खरी लबाडी. दारावर ‘अतिथी देवो भव’ अशी पाटी, आणि पाटीखाली देवाकडून आगाऊ रक्कम मागणारा कारकून. त्या पाटीमुळे गिऱ्हाईक फसतेच असे नाही. त्याला सगळे कळते. फसतो तो घरधनी. आपण विकतो त्यालाच तो देणे समजू लागतो, आणि मग खरोखर देण्याची वेळ येते तेव्हा त्याला वाटते की आपण तर रोजच देतो आहोत. तेव्हा माझ्यापुरते मी असे ठरविले आहे की घराने विकावे, खुशाल विकावे; पण जे विकायचे आणि जे द्यायचे त्यांच्यामध्ये उंबरठा हवा, आणि द्यायच्या बाजूला निदान एक जागा अशी हवी की जिचा हिशेब वहीत लिहिला जात नाही. आणि ती जागा अडगळीची असून चालणार नाही. मागच्या अंगणातला गोठा दान करून पुढचा सज्जा भाड्याने देणे, हे काही देणे नव्हे.

नेमकी येथेच आमच्या घरात पुन्हा ठिणगी पडली. भाऊबीजेच्या दुपारी आम्ही सारे पुन्हा बसलो. आईने आपला निकाल दिला.

‘‘खोल्या द्या. मी नाही म्हणत नाही. घर पडण्यापेक्षा बरं. पण ओटा द्यायचा नाही. रांजण तिथंच राहील. कुणीही यावं, आपल्या हातानं पाणी घ्यावं. वरून ओतायचं नाही.’’

पुतण्याने कपाळाला हात लावला. ‘‘आजी, अगं, माणसं येणार ती ओट्यासाठीच! पाणी तिथूनच दिसतं. खोल्यांच्या खिडक्या तर गल्लीकडं आहेत. सकाळी चहा घेऊन बसायला जागा तीच.’’

‘‘बसू देत की. मी कुठं त्यांना उठवते? पण दुसरं कुणी येऊन बसलं तर त्यालाही उठवायचं नाही.’’

त्याने माझ्याकडे पाहिले. ‘‘काका, तुम्ही तरी सांगा. पैसे भरलेल्या माणसाशेजारी मेंढक्या येऊन बसला तर चालेल का त्याला?’’

मी म्हणालो, ‘‘ते त्याला विचारू या. आपणच त्याच्या वतीने नाही कशाला म्हणायचे?’’

हे म्हणणे सोपे होते. माझी पुंजी त्यात अडकलेली नाही. पोरगा मात्र तुळई बदलायला, न्हाणीघर बांधायला कर्ज काढणार आहे. गिऱ्हाईक आले नाही तर हप्ता त्यालाच भरायचा आहे. ओट्याच्या तत्त्वासाठी त्याने किती नुकसान सोसावे, हे मी वर बसून कसे ठरवू? आजोबांच्या औदार्याची किंमत आजीने मोजली, तशी माझ्या तत्त्वाची किंमत या पोराने मोजायची, असे तर होत नाही ना? ही शंका मला अजून आहे, आणि ती लपवून हा लेख गोड करून संपवावा असे मला वाटत नाही. मी एवढेच केले की मागच्या तुळईचा खर्च माझ्याकडे घेतला. कादंबरीच्या मानधनातून तुळई येते की तिची फक्त पाचर, ते प्रकाशकाच्या पत्रानंतर कळेल.

पुतण्या अखेर तयार झाला. मनापासून झाला की आजीच्या वयाकडे पाहून, ते मी विचारले नाही. चाकणला जाण्यापूर्वी त्याने रांजण घासून त्याला नवीन झाकण करून आणले आणि शेजारी लांब दांड्याचा ओगराळा टांगला. आईने ओटा सारवता येत नाही म्हणून फरशी दोनदा धुतली.

काल त्याचा फोन आला. पहिली चौकशी आली आहे; पुण्याचे एक कुटुंब, चार माणसे, दोन रात्री. दिवस पाहतो तर कार्तिक वद्य एकादशीच्या आधीचे, म्हणजे ज्या दिवसांत आळंदीला जाणाऱ्या दिंडीतली माणसे आमच्या ओट्यावर उतरतात, नेमके तेच. त्यांना संध्याकाळी ओट्यावर बसून पाणी पाहायचे आहे, असेही त्यांनी कळविले आहे.

‘‘मग तू काय लिहिलेस?’’ मी विचारले.

‘‘लिहिलं की खोल्या तुमच्या, ओटा सगळ्यांचा. त्या रात्री तिथं वारकरी असतील, पहाटे काकडा म्हणतील. चालत असेल तर या.’’

‘‘आणि त्यांचे उत्तर?’’

‘‘अजून आलेलं नाही, काका.’’

आईला हे सांगितले तेव्हा ती तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, ‘‘चौघं आले तर पीठ जास्त लागेल. नाही आले तरी लागेलच.’’ आणि तिने सूप पुन्हा पुढे ओढले.